खोलीवर राहणाऱ्यांसाठी शेंगा चटणीचं सँडविच: पंधरा-सोळा रुपयांत नाष्टा

सँडविच बिघडतं ते पाण्यानं. मसाला, चीज, सॉस या सगळ्या पुढच्या गोष्टी. हे मला कळलं सोलापूर-पुणे हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये. पुण्याला जायचं म्हणून पहाटे उठून कोथिंबीर-मिरचीची हिरवी चटणी वाटली होती, टोमॅटोच्या जाड चकत्या कापून वर मीठ भुरभुरलं होतं आणि सगळं ब्रेडमध्ये दाबून डबा बंद केला होता. कुर्डुवाडी मागं पडल्यावर डबा उघडला तर आत हिरवट लगदा. उचलायला जावं तर ब्रेड बोटांना चिकटून यायचा. समोरच्या आजींनी एकदा माझ्याकडं बघितलं, आपल्या फडक्यातली ज्वारीची भाकरी सोडली, तीवर शेंगा चटणी आणि कांदा ठेवला आणि चतकोर तुकडा माझ्या हातावर दिला. तीही पहाटेचीच भाकरी. पण चटणी तिच्यावर कशी मोकळी बसली होती.

तेव्हापासून आमच्या घरी सँडविचमध्ये हिरवी चटणी जात नाही, शेंगा चटणी जाते. कुटलेल्या दाण्याला तेल सुटलेलं असतं, आणि त्याचा भरडा टोमॅटोचं पाणी ओढून घेतो. म्हणजे ही चटणी चवही देते आणि टिपकागदाचं कामही करते. सोलापुरात राहून आपण ती फक्त भाकरीबरोबर खातो, हे आपलंच नुकसान.

हा लेख लिहायला लावला तो माझ्या भाच्यानं. बार्शीहून कॉलेजसाठी आलाय, जुळे सोलापूर या भागात तीन पोरं मिळून एक खोली घेतलीय. कॉलेज आठला, मेसचा डबा साडेअकराला. मधल्या वेळात रोज नाष्ट्याच्या गाडीवर जाऊन खिसा रिकामा. एका रविवारी फोन केला, "मावशी, हप्त्यावर सँडविच मेकर घेऊ का?" म्हटलं, "कशाला बे? तवा आहे की." तवा होता. बाकी काहीच नव्हतं, आणि कुणालाच काही येत नव्हतं. त्या तिघांना शिकवताना जे जे सांगावं लागलं ते इथं लिहिते.

काय लागतं आणि किती पडतं

ब्रेडचा ४०० ग्रॅमचा पुडा आमच्या गल्लीत ४५ रुपयांना मिळतो. कडेचे दोन धरून त्यात साधारण १६ स्लाइस निघतात. म्हणजे एका सँडविचचे दोन स्लाइस साडेपाच-सहा रुपयांना पडले. घरी केलेली चटणी दोन मोठे चमचे लागते, तिचे चार रुपये धरा. अर्धा टोमॅटो आणि पाव कांदा तीन रुपये, तेल किंवा लोणी दोन रुपये, गॅस एखादा रुपया. बेरीज पंधरा-सोळावर जाते. भाव दुकानागणिक इकडंतिकडं होतील, पण गाडीवरच्या निम्म्याच्या आतच राहाल. कांद्याची तर आपल्याला चिंता नको. हंगामात सिद्धेश्वर बाजार समितीबाहेर कांद्याच्या गाड्यांच्या रांगा बघितल्या की वाटतं, या गावात कुणी कांद्याशिवाय सँडविच खावं हा गुन्हाच.

ब्रेड घेताना साधा घ्या, गोड मिल्क ब्रेड नको. त्यात साखर जास्त, ती तव्यावर लवकर काळी पडते. आत काही गरम व्हायच्या आधी बाहेर डाग पडतात. पुड्यावरची तारीख बघा, आणि खालच्या बाजूला आतून दव साठल्यासारखं दिसलं तर दुसरा पुडा मागा. बुरशीला तेवढंच लागतं.

ठेवायचा कुठं? खोलीत फ्रिज असला की पोरं ब्रेड आत ढकलून मोकळी होतात. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ब्रेड उलट लवकर कडक होतो, कारण त्या थंडाव्यात पिठातला स्टार्च पुन्हा घट्ट होत जातो. दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेरच, पुड्याचं तोंड पिळून. जास्त दिवस ठेवायचा तर वरच्या बर्फाच्या कप्प्यात, आणि तिथून काढून थेट तव्यावर. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या झळीत उघडा राहिलेला स्लाइस तासाभरात पापडासारखा होतो. पावसाळ्यात गोष्ट उलटी, तेव्हा बुरशीवर डोळा ठेवायचा. एका स्लाइसवर हिरवा ठिपका दिसला की पूर्ण पुडा टाका. तेवढाच भाग खुडून बाकीचा खाऊ नका.

चटणी, एकदाच करायची

विकत घ्यायची असेल तर नवी पेठेत, मंडईत, एसटी स्टँडच्या आसपास शेंगा चटणी आणि कडक भाकरीची दुकानं आहेत. आधी पाव किलोच घ्या आणि घेताना वास घ्या. खवट वास आला तर दाणे जुने. चांगली चटणी कोरड्या पुडीसारखी भुरभुरत नाही. चिमूट दाबली की गोळा होतो आणि बोटाला तेल लागतं. ही खूण लक्षात ठेवा, घरी करतानाही हीच लागणार आहे.

घरी करायची तर पाव किलो शेंगदाणे घ्या. आधी ताटात पसरून निवडा. काळे, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे बाजूला काढा. कडू लागतात म्हणून तर काढायचेच, पण शेंगदाण्यावरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते भाजून पूर्ण जात नाही. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा, हात न थांबवता. मोठ्या आचेवर सालं करपतात आणि दाणा आतून कच्चा राहतो, हा पोरांनी पहिल्याच दिवशी केलेला घोळ. एक दाणा काढून गार होऊ द्या आणि चावा. कुरकुरीत मोडला तर झालं. गरम असताना चावून ठरवू नका, गरम दाणा मऊच लागतो.

पूर्ण गार झाल्यावर दाणे फडक्यात घालून चोळा, निम्मी सालं पाखडून टाका. सगळीच काढायची गरज नाही. आता बारा-पंधरा लसणाच्या पाकळ्या, एक चमचा जिरं, दोन मोठे चमचे लाल तिखट आणि दीड चमचा मीठ. तिखट किती जाळ आहे ते बघून कमीजास्त करा.

खलबत्ता असेल तर त्याला तोड नाही. कुटताना दाणा चेपला जातो, कापला जात नाही, म्हणून तेल सुटतं आणि चटणीला ती गच्च, ओलसर ठेवण येते. आधी लसूण, जिरं, मीठ ठेचून घ्यायचं, मग मूठमूठ दाणे टाकत जायचं, तिखट शेवटी. पंधरा मिनिटं हात दुखतो. खोलीवर खलबत्ता कुठला, तर मिक्सर. मिक्सरचं बटण तीन-चार सेकंद दाबा, सोडा, झाकण उघडून चमच्यानं खालचं वर करा, पुन्हा दाबा. असं आठ-दहा वेळा. बटण दाबून उभे राहिलात तर पातं तापतं, दाण्याचं लोणी होतं आणि चटणीऐवजी तिखट पीनट बटर हातात येतं. भाच्याच्या एका मित्रानं हेच केलं. वाया गेलं नाही, ब्रेडला लावून संपवलं, पण ती चटणी नव्हे.

आमच्या शेजारच्या कानडी काकू हिला शेंगा हिंडी म्हणतात आणि त्यात चिमूटभर गूळ घालतात. मला तो आवडत नाही. तुम्ही करून बघा.

काचेच्या कोरड्या बरणीत भरा, चमचाही कोरडाच. ओल्या चमच्यानं एकदा घेतली की लसणाला वास येऊ लागतो. दोन आठवड्यांत संपवा. पाव किलो दाण्यांच्या चटणीत एका माणसाची बारा-तेरा सँडविचं निघतात.

सकाळी, तव्यापाशी

१. आधी कांदा-टोमॅटो. कांदा होईल तितका पातळ, गोल चकत्या. टोमॅटो आडवा कापा आणि बोटानं आतला बियांचा गर काढा. तो वाटीत ठेवा, आमटीत जाईल. उरलेल्या भिंतीच्या पातळ चकत्या करा. मीठ आत्ता लावायचं नाही. मीठ लागलं की टोमॅटो पाच मिनिटांत रडायला लागतो. चटणीत मीठ आहेच, तेवढं पुरतं.

२. तवा मध्यम आचेवर ठेवा. भाकरीचा जाड लोखंडी तवा सगळ्यात बरा. तापला का बघायला पाण्याचा एक थेंब टाका. चर्र करून दोन सेकंदांत आटला तर बरोबर. थेंब गोळी होऊन तव्यावर नाचत फिरायला लागला तर तवा जास्त तापलाय, आच कमी करून मिनिटभर थांबा. पहिल्या आठवड्यात जळालेली सगळी सँडविचं या नाचणाऱ्या थेंबाकडं न बघितल्यामुळं जळाली.

३. तेल तव्यावर ओतू नका, ब्रेडला लावा. एका स्लाइसच्या एका बाजूला पाव चमचा तेल बोटानं किंवा चमच्याच्या पाठीनं पसरायचं. शेंगतेल असलं तर उत्तम, तूपही चालतं. ओतलेलं तेल ब्रेड मधेच पिऊन घेतो आणि कडा कोरड्या राहतात. ही तेलाची बाजू बाहेर येणार.

४. आतल्या बाजूला दोन्ही स्लाइसवर लोण्याचा अगदी पातळ हात. लोणी नसेल तर तेलाचे दोन थेंब चोळले तरी चालतं. स्निग्ध थर असला की पाणी ब्रेडमध्ये उतरत नाही. चव नंतर, आधी हा थर.

५. आता चटणी. खालच्या स्लाइसवर दीड मोठा चमचा, आणि चमच्याच्या पाठीनं दाबून बसवायची. नुसती शिंपडली तर पहिल्या घासाला सगळी शर्टवर. दाबली की तिच्यातल्या तेलानं ती लोण्याला धरून बसते. तिच्यावर टोमॅटो, त्यावर कांदा, वर उरलेली अर्धा मोठा चमचा चटणी, मग दुसरा स्लाइस. टोमॅटोच्या खालीही चटणी आणि वरही, हे महत्त्वाचं.

६. तव्यावर ठेवा आणि वर वजन. आमच्याकडं पाण्यानं भरलेला स्टीलचा तांब्या असतो, बूड पुसून घेतलेला. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, फुकटात. हातानं उलथण्यानं दाबत बसलात तर एक कोपरा चेपतो, दुसरा तसाच राहतो. मंद-मध्यम आचेवर दोन मिनिटं. खमंग वास आला, कड उचलून बघितली आणि भाकरीच्या पापुद्र्यावर पडतात तसे डाग दिसले की उलटा. पुन्हा तांब्या, पुन्हा दीड-दोन मिनिटं. दुसरी बाजू नेहमी लवकर होते.

७. काढल्यावर लगेच ताटात आडवं ठेवू नका. ताटाच्या काठाला टेकवून मिनिटभर उभं करा, खालून वाफ निघून जाऊ दे. मग कापा.

पहिल्या दिवशी याला पंचवीस मिनिटं लागतील आणि तुम्ही माझ्या नावानं शंख कराल. चौथ्या-पाचव्या दिवशी दहा मिनिटं लागतात.

अंडं खात असाल तर

सात-आठ रुपये आणखी घाला आणि पोट दुपारपर्यंत शांत ठेवा. एक अंडं, बारीक कांदा, चिमूट मीठ फेटून घ्यायचं. तव्यावर अर्धा चमचा तेल, त्यावर अंडं, तवा फिरवून दोन स्लाइस मावतील एवढं पसरायचं. अंडं ओलं असतानाच दोन्ही स्लाइस शेजारी शेजारी त्यावर ठेवून हलकेच दाबायचे. अर्ध्या मिनिटात अंडं ब्रेडला धरतं. मग सगळं एकदम उलटायचं, आता अंडं वर. बाहेर आलेल्या कडा आत दुमडायच्या, एका स्लाइसवर चटणी भुरभुरायची, दुसरा स्लाइस पुस्तक मिटल्यासारखा तिच्यावर. इथं लोणी नको, टोमॅटोही नको. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात डझनभर अंडी आणून ठेवू नका, दोन-तीनच आणा. शंका आली तर अंडं पाण्याच्या भांड्यात सोडा. तळाशी आडवं पडलं तर ताजं, वर तरंगलं तर टाकून द्या.

आदल्या रात्रीचा उकडलेला बटाटा उरला असेल तर तो चटणीबरोबर कुस्करून भरा, टोमॅटोशिवाय. फ्रिजमध्ये ठेवलेला असेल तरच.

चटणीत दही कालवून लावायचा मोह बऱ्याच जणांना होतो. चव झकास लागते, मी नाही म्हणत नाही. पण दही म्हणजे पुन्हा पाणीच. तव्यावरून ताटात, ताटातून तोंडात असं असेल तरच.

आणि कडक भाकरीत हे सगळं भरायचा प्रयोग कुणी करू नये. आम्ही केलाय. पहिल्याच चाव्याला तिचे दहा तुकडे होतात. तिला दह्यात किंवा आमटीत चुरूनच खावी.

डब्यात न्यायचं असेल तर

गरम सँडविच डब्यात घालून झाकण लावलं की झाकणाला आतून घाम येतो आणि तोच थेंबाथेंबानं ब्रेडवर पडतो. म्हणजे तव्यावरची सगळी मेहनत पाण्यात. चार-पाच मिनिटं जाळीवर किंवा चाळणीवर गार होऊ द्या, मग धुतलेल्या सुती रुमालात गुंडाळा आणि डबा बंद करा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानंही त्याला मनाई केलेली आहे. गाडीवर अजून तेच चालतं, तो भाग वेगळा.

नुसतं चटणी-कांद्याचं सँडविच चार-पाच तास छान राहतं. टोमॅटोचं दोन-तीन तास. आता पुण्याला जाताना मी कांदा-टोमॅटो वेगळ्या छोट्या डबीत नेते आणि गाडीतच भरते. अंड्याचं किंवा बटाट्याचं असेल तर पारा चाळिशीच्या वर गेलेल्या दिवसांत तासाभरात संपवा, दुपारच्या सुट्टीपर्यंत ठेवू नका.

भांड्यांचा हिशोब

ही गोष्ट पाककृतीत कुणी लिहीत नाही, पण खोलीवरचा स्वयंपाक तिच्यावरच अडतो. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. मधे चार-चार, पाच-पाच दिवस जातात, आणि तिघांच्या खोलीत दोन पिंपं. सकाळी नाष्ट्याची सहा भांडी पडली की दुसऱ्या दिवशी कुणी नाष्टा करत नाही, पोरं पुन्हा गाडीवर. इथं तवा, सुरी, चमचा, ताट आणि उलथणं, बस. लोखंडी तवा तर रोज घासायचाच नाही. गरम असतानाच जाड फडक्यानं पुसून काढायचा आणि तेलाचं बोट फिरवून उलटा ठेवायचा, नाहीतर गंज धरतो. वजनाला ठेवलेल्या तांब्यातलं पाणी चहाला घ्यायचं. ते तोवर कोमट झालेलं असतं, चहा लवकर होतो. पुड्यातले दोन कडेचे स्लाइस पोरं टाकून द्यायची. आता त्याच पुसलेल्या तव्यावर ते मंद आचेवर कडक भाजतात आणि त्या चहात बुडवून खातात, आणि ते कुणी खायचे यावरून भांडतात.